ब जीवनसत्त्वे, शाकाहारातील

ब जीवनसत्त्वे, शाकाहारातील : पाण्यात विरघळणाऱ्या, शरीरास अत्यल्प प्रमाणात परंतु नियमितपणे लागणाऱ्या आठ कार्बनी संयुगांच्या गटास ब जीवनसत्त्वे म्हणतात. थायामीन (ब१), रिबोफ्लाविन (ब२), निॲसीन (ब३), पँटोथेनिक अम्ल (ब५), पिरिडॉक्सिन (ब६), बायोटीन (ब७), फॉलिक अम्ल किंवा फोलेट (ब९) आणि कोबालामीन (ब१२) ही ती होत. मधले क्रमांक ज्या पदार्थांना दिले होते ते जीवनसत्त्वे नव्हेत असे पुढे ठरल्याने ते क्रमांक गळाले. रासायनिक दृष्ट्या या आठांत फारसे साम्य नाही. यीस्ट, धान्याचा कोंडा व यकृत यांत त्यांपैकी बरीच एकत्र आढळली आणि आरंभी ती एकच द्रव्य समजली गेली, म्हणून त्यांचा एक गट मानला जातो. अन्नापासून ऊर्जा मिळविणे, नव्या कोशिका घडविणे व तंत्रिकांचे कार्य चालू ठेवणे यांसाठी लागणाऱ्या एंझाइमांना ती साहाय्यक म्हणून लागतात.

शाकाहाराचा विचार करताना या गटाचे दोन भाग करावे लागतात. पहिली सात जीवनसत्त्वे वनस्पती स्वतः तयार करतात. त्यामुळे ती शाकाहारात असतातच. प्रश्न उरतो तो ती कांडण्यात, धुण्यात व शिजविण्यात किती वाया जातात एवढाच. आठवे, म्हणजे ब१२, कोणतीही वनस्पती तयार करीत नाही. तेथे प्रश्न उधळपट्टीचा नसून मूळ उगमाचाच आहे. ‘चौरस शाकाहारात सर्व जीवनसत्त्वे मिळतात’ हे पाठ्यपुस्तकांतून अनेक वर्षे दिले गेलेले विधान पहिल्या सातांपुरते खरे आहे, आठव्यापुरते नाही. भारतात शाकाहार या संज्ञेत दूध व दुधाचे पदार्थ सामान्यतः धरले जातात आणि अंडी वगळली जातात. प्रस्तुत नोंदीत तोच अर्थ घेतला असून दूधही वर्ज्य करणाऱ्यांच्या आहारास निर्दुग्ध शाकाहार म्हटले आहे.

थायामीन व तांदळाचा कोंडा : जीवनसत्त्वांच्या शोधाची सुरुवातच तांदळापासून झाली. जावा बेटावर १८९० च्या सुमारास डच वैद्य क्रिस्तीआन आइकमान यांना असे आढळले, की सडलेल्या पांढऱ्या तांदळावर ठेवलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि कोंड्यासह तांदूळ दिल्यास त्या बऱ्या होतात. माणसांतील बेरीबेरी हा रोग याच जातीचा. १९१२ मध्ये कासिमिर फुंक यांनी अशा द्रव्यांना ‘व्हिटॅमिन’ हे नाव सुचविले. १९२६ मध्ये जावातच यान्सेन व डोनाथ यांनी तांदळाच्या कोंड्यातून थायामीन स्फटिकरूपात वेगळे केले. आइकमान यांना १९२९ चे नोबेल पारितोषिक एफ. जी. हॉपकिन्स यांच्यासमवेत मिळाले.

दाण्यातील थायामीन मुख्यतः बाहेरच्या पापुद्र्यात व अंकुरात असते. गिरणीत तांदूळ पॉलिश होतो तेव्हा नेमके हेच भाग निघून जातात. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या अन्नमूल्य-तक्त्यांनुसार १०० ग्रॅम हातसडीच्या तांदळात ०·२१ मिग्रॅ. थायामीन असते, तर गिरणीत सडलेल्या तांदळात केवळ ०·०६ मिग्रॅ. गव्हाची गोष्टही अशीच आहे. कोंड्यासह दळलेल्या पिठात ०·४९ मिग्रॅ. व मैद्यात ०·१२ मिग्रॅ. थायामीन असते. ज्वारी-बाजरीचे पीठ बहुधा न चाळता अखंड दाण्याचे वापरले जाते, त्यामुळे भाकरी खाणाऱ्यांत थायामीनाची उणीव क्वचितच दिसते.

उकड्या तांदळाचे महत्त्व येथे ध्यानात येते. साळ भिजवून, वाफवून, वाळवून मग सडली, की कोंड्यातील विद्राव्य जीवनसत्त्वे दाण्याच्या गाभ्यात मुरतात आणि पुढे कोंडा निघाला तरी बरीचशी टिकून राहतात. त्याच तक्त्यांत गिरणीत सडलेल्या उकड्या तांदळातील थायामीन हातसडीच्या तांदळाइतकेच, म्हणजे ०·२१ मिग्रॅ. दिले आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आंध्रच्या किनारी जिल्ह्यांत बेरीबेरी आढळत असे. तेथे गिरणीतील सुरय तांदूळ खाण्याची रीत होती. उकडा तांदूळ खाणारे प्रदेश या रोगापासून बरेचसे मुक्त राहिले. कोकण व गोव्यातील उकड्या तांदळाची पेज हा या दृष्टीने उत्तम आहार होय, कारण तिच्यात शिजविलेले पाणी टाकून दिले जात नाही. तांदूळ तीन-चार वेळा चोळून धुणे आणि भात वेळून वरचे पाणी ओतून देणे या दोन सवयींनी मात्र उरलेसुरले थायामीनही जाते. कडधान्ये लवकर शिजावीत म्हणून घातलेल्या सोड्याने ते नाश पावते. छोले-हरभरे रात्रभर भिजत घातल्यास सोड्याची गरज पडत नाही.

उपवासाच्या पदार्थांबद्दल एक गोष्ट नमूद करावयास हवी. साबुदाणा हा कसावा कंदाचा जवळजवळ शुद्ध स्टार्च असून त्यात ब जीवनसत्त्वे नाममात्र असतात. साबुदाण्याच्या खिचडीस काही पोषणमूल्य असेल, तर ते तीत घातलेल्या दाण्याच्या कुटाचे होय.

निॲसीन व ज्वारी : निॲसीनाच्या तीव्र अभावाने वल्कचर्म (पेलाग्रा) हा रोग होतो. उन्हात उघड्या राहणाऱ्या त्वचेवर काळपट खवले येणे, अतिसार आणि मनोविकृती ही त्याची लक्षणे आहेत. अमेरिकेच्या दक्षिण भागात मका खाणाऱ्या गरिबांत तो विसाव्या शतकाच्या आरंभी सर्रास होता. तो संसर्गजन्य नसून आहारजन्य आहे हे जोझेफ गोल्डबर्गर यांनी दाखविले. निकोटिनिक अम्लाने त्याच्याशी साम्य असलेला कुत्र्यांचा रोग बरा होतो, हे १९३७ मध्ये सी. ए. एल्व्हेजेम यांनी सिद्ध केले. मक्यातील निॲसीन बद्ध स्वरूपात असल्याने पचनात सुटे होत नाही. मेक्सिकोतील लोक मका चुन्याच्या निवळीत शिजवून मग वाटतात. त्यामुळे ते सुटते व तेथे हा रोग विरळा राहिला.

दख्खनच्या पठारावर, हैदराबादच्या परिसरात, हा रोग मका न खाणाऱ्या परंतु ज्वारीवर राहणाऱ्या गरिबांत आढळला. ज्वारीतील निॲसीन तांदळापेक्षा कमी नसताना असे का व्हावे, या प्रश्नावर सी. गोपालन व एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये असे मत मांडले, की ज्वारीत ल्यूसीन या ॲमिनो अम्लाचे आधिक्य असून ते ट्रिप्टोफेनापासून निॲसीन बनण्याच्या क्रियेत अडथळा आणते. (शरीर सु. ६० मिग्रॅ. ट्रिप्टोफेनापासून १ मिग्रॅ. निॲसीन बनवू शकते.) ही उपपत्ती सर्वांनी मान्य केलेली नाही. तथापि व्यवहारातील निष्कर्ष स्पष्ट आहे : रोग होत असे तो ज्वारीमुळे नव्हे, तर ज्वारीखेरीज ताटात दुसरे काहीच नसल्यामुळे. भाकरीसोबत आमटी, पिठले किंवा शेंगदाण्याची चटणी असेल, तर ही भीती उरत नाही. भुईमुगाच्या १०० ग्रॅम दाण्यांत सु. २० मिग्रॅ. निॲसीन असते, मराठवाडा-सोलापूरकडे भाकरीबरोबर रोज लागणारी दाण्याची चटणी म्हणजे नुसते तोंडी लावणे नव्हे.

रिबोफ्लाविन दूध, ताक, पालेभाज्या व कडधान्ये यांत असते. ते उष्णतेस टिकते पण प्रकाशाने नष्ट होते, म्हणून दूध उन्हात उघडे ठेवू नये. ओठांचे कोपरे चिरणे व जीभ लाल होऊन चुरचुरणे ही त्याच्या उणिवेची चिन्हे खेड्यांतील मुलांत पुष्कळ दिसतात. दुधातील ब जीवनसत्त्वे पाण्याच्या अंशात असल्याने लोणी काढल्यावर ती ताकात राहतात. तुपात ती जवळजवळ नसतात. पिरिडॉक्सिन केळी, बटाटे, डाळी व अखंड धान्ये यांतून मिळते. क्षयरोगावरील आयसोनियाझीड या औषधाने त्याची गरज वाढते, म्हणून त्या रुग्णांना ते वेगळे देतात. पँटोथेनिक अम्लाचे नावच ‘सर्वत्र असणारे’ अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आले आहे. ते आणि बायोटीन यांची मिश्र शाकाहारात चिंता करण्याचे कारण नाही. मोड आणण्याने व आंबविण्याने (उदा., मटकीची उसळ, इडली, आंबील) या गटातील काही जीवनसत्त्वांत थोडी भर पडते, ही भर ब१२ ची नसते, हे पुढे येईलच.

फोलेट : या जीवनसत्त्वाच्या इतिहासातील पहिले प्रकरण मुंबईत घडले. लूसी विल्स या ब्रिटिश रक्तविकारतज्ञ १९२८ मध्ये मुंबईस आल्या व परळच्या हाफकिन संस्थेत राहून गरीब गर्भवती स्त्रियांतील, विशेषतः कापडगिरण्यांतील कामगार स्त्रियांतील, तीव्र पांडुरोगाचा (रक्तक्षयाचा) अभ्यास करू लागल्या. या रोगात तांबड्या रक्तकोशिका संख्येने कमी व आकाराने मोठ्या होतात. यीस्टच्या स्वस्त अर्काने हा पांडुरोग बरा होतो, असे विल्स यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. पुढे असेही आढळले, की मारक पांडुरोगावर गुणकारी ठरलेला यकृताचा शुद्ध अर्क या रुग्णांना लागू पडत नाही. म्हणजे दिसावयास सारखेच असलेले हे दोन पांडुरोग दोन निरनिराळ्या द्रव्यांच्या अभावाने होतात. यीस्टमधील द्रव्य फोलेट होते; १९४१ मध्ये ते पालकाच्या पानांतून वेगळे काढून त्यास पानावरून नाव देण्यात आले.

मेथी, पालक, चाकवत, शेवग्याचा पाला, हरभरा, मूग, चवळी यांत फोलेट विपुल असते. परंतु ते उष्णतेने व पाण्यात उतरून फार लवकर कमी होते. पालेभाजी चिरण्यापूर्वी धुवावी, चिरल्यावर नव्हे, आणि झाकण ठेवून थोड्याच पाण्यात शिजवावी. गरोदरपणात गरज दीडपटीहून अधिक वाढते. गर्भाच्या मेरुरज्जूची नलिका गर्भधारणेनंतर चार आठवड्यांतच मिटत असल्याने फॉलिक अम्लाची गोळी गर्भधारणेच्या आधीपासून घेणे इष्ट असते.

ब१२ जीवनसत्त्व : मारक पांडुरोग हा नावाप्रमाणेच प्राणघातक होता. १९२६ मध्ये जी. आर. मायनट व डब्ल्यू. पी. मर्फी यांनी रुग्णांना रोज मोठ्या प्रमाणात यकृत खाऊ घालून तो आटोक्यात आणला. यकृतातील गुणकारी द्रव्य १९४८ मध्ये अमेरिका व इंग्लंड येथे स्वतंत्रपणे लाल स्फटिकांच्या रूपात मिळाले. डॉरोथी हॉजकिन यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने त्याची संरचना निश्चित केली (१९५६). त्याच्या रेणूच्या मध्यभागी कोबाल्टाचा अणू असतो, म्हणून कोबालामीन हे नाव.

निसर्गात हे द्रव्य काही सूक्ष्मजंतूच बनवितात. गाय, म्हैस, शेळी यांच्या पहिल्या जठरकोष्ठातील सूक्ष्मजंतू चाऱ्यातील कोबाल्ट घेऊन ते तयार करतात, ते जनावराच्या रक्तात शोषले जाते आणि दुधात उतरते. माणसाच्या मोठ्या आतड्यातही असे सूक्ष्मजंतू असतात. परंतु ब१२ शोषले जाते लहान आतड्याच्या शेवटच्या भागात, मोठ्या आतड्याच्या अलीकडे. त्यामुळे तेथे तयार झालेले ब१२ माणसाच्या उपयोगी पडत नाही. शोषणासाठी जठरात स्रवणारे एक प्रथिन त्यास बांधले जावे लागते. या प्रथिनाची क्षमता मर्यादित असून एका जेवणातून सु. १·५ ते २ मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक ब१२ त्याच्यामार्फत शोषले जात नाही. प्रौढाची रोजची गरज २ ते २·५ मायक्रोग्रॅम आहे.

ही गरज दुधातून भागते काय? १०० मिलि. गाईच्या दुधात सर्वसाधारणपणे ०·४ मायक्रोग्रॅमच्या आसपास ब१२ असते; म्हणजे रोज अर्धा लिटर दूध, दही वा ताक घेतले तर गरज कशीबशी पुरी होते. दूध पुनःपुन्हा व दीर्घ काळ उकळल्यास त्यातील बराच भाग नष्ट होतो. आपल्याकडील बहुसंख्य घरांत माणशी अर्धा लिटर दूध पोटात जात नाही. ज्या घरी गाय-म्हैस आहे तेथेही दूध प्रथम डेअरीला जाते, आणि घरातील स्त्रीच्या वाट्याला येते ते चहातील दोन-चार चमचे. दुधाचा उल्लेख करून शाकाहाराचा हा प्रश्न सुटला असे मानण्याची प्रथा आहे. तो सुटतो दूध घोटभर नव्हे तर पेलाभर पिणाऱ्यांपुरताच.

पुण्यातील के. ई. एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत पुणे परिसरातील सु. दोन-तृतीयांश पुरुषांच्या रक्तात ब१२ चे प्रमाण कमी आढळले. शहरी मध्यमवर्गात हे प्रमाण सु. ८१ टक्के म्हणजे सर्वांत जास्त होते. खेड्यांतील लोकही त्यातून सुटलेले नव्हते. माळकरी कुटुंबे शाकाहारी असतातच; परंतु एरवी मांसाहारी म्हणविणाऱ्या घरांतही मांस शिजते ते सणावारी किंवा जत्रेला, आणि रोजचे जेवण शाकाहारीच असते. परदेशी गेलेल्या शाकाहारी भारतीयांतही हीच स्थिती दिसली : वायव्य लंडनच्या हॅरो भागातील शाकाहारी हिंदू समाजात या अभावाने झालेल्या पांडुरोगाचे अनेक रुग्ण असल्याचे १९८५ मध्ये नोंदविले गेले.

शरीरात, मुख्यतः यकृतात, ब१२ चा २ ते ५ मिग्रॅ. साठा असतो व तो फार हळू खर्च होतो. म्हणून मांसाहार सोडलेल्या व्यक्तीस अनेक वर्षे काहीच जाणवत नाही. जन्मापासून शाकाहारी असणाऱ्याचा साठा मुळातच तोकडा असतो. अभावाची लक्षणे हळूहळू येतात : थकवा, जीभ गुळगुळीत होणे, तळपायांस मुंग्या, अंधारात तोल जाणे, विस्मरण, चिडचिड. वृद्धांत ही लक्षणे वयाची म्हणून सोडून दिली जातात. जठरातील अम्ल कमी झालेले वृद्ध, दीर्घ काळ अम्लनाशक औषधे घेणारे आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणारे शाकाहारी यांना धोका दुहेरी असतो.

ब१२ च्या अभावी फोलेटही शरीरात एका निरुपयोगी रूपात अडकून पडते, त्यामुळे दोहोंच्या अभावाने होणारा पांडुरोग एकसारखा दिसतो. अशा वेळी केवळ फॉलिक अम्ल दिल्यास रक्त सुधारते, रुग्णास बरे वाटते, पण मेरुरज्जूचा ऱ्हास आतल्या आत चालूच राहतो व कालांतराने तो भरून न येण्याजोगा होतो. शाकाहारी लोकसमूहात ही बाब विशेष महत्त्वाची आहे, कारण पालेभाज्या व डाळींमुळे त्यांच्यात फोलेट पुरेसे असते व पांडुरोगाची धोक्याची सूचना मिळतच नाही. रक्तातील हीमोग्लोबिन ठीक आहे म्हणजे ब१२ ठीक आहे, असे समजू नये.

सर्वांत मोठी किंमत अर्भके देतात. वेल्लोर येथील जाधव, वेब, वैष्णव व बेकर यांनी १९६२ मध्ये अशा बालकांचे वर्णन केले. मातेच्या दुधावर वाढणारी ही मुले चार-सहा महिने नीट असतात. मग ती हसणे, मान धरणे, बसणे अशी शिकलेली कामे विसरू लागतात, त्वचा काळवंडते व रक्त कमी होते. त्यांच्या मातांत, आणि म्हणून त्यांच्या दुधात, ब१२ नव्हते. ब१२ देताच मुले सुधारली. पुण्याजवळील सहा गावांत १९९३ मध्ये सुरू झालेल्या माता-बालक अभ्यासातूनही (२००८) असे दिसले, की ज्या मातांच्या रक्तात गरोदरपणी ब१२ कमी व फोलेट जास्त होते त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्शुलिनास प्रतिरोध सर्वाधिक होता. गर्भवतीस लोह व फॉलिक अम्ल देताना ब१२ चा विचार न करणे, निदान शाकाहारी स्त्रियांच्या बाबतीत, अपुरे म्हणावे लागेल.

ब१२ मिळविण्याचे म्हणून सांगितले जाणारे काही उपाय भरवशाचे नाहीत. इडली, आंबील, लोणची यांतील किण्वन करणारे सूक्ष्मजंतू सहसा ब१२ बनवीत नाहीत. स्पायरुलिना या शैवलात आढळणारे द्रव्य ब१२ सारखे दिसते, परंतु माणसाच्या शरीरात मुख्यतः निष्क्रिय ठरते. न धुतलेल्या भाजीवरील मातीत ब१२ असते हे खरे. त्यासाठी माती खाण्याची शिफारस मात्र कोणी करणार नाही, कारण त्याच मातीत जंतांची अंडी असतात. पोषणवर्धित अन्न हा एक मार्ग आहे. भारताच्या अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१८ मध्ये केलेल्या नियमांत तांदूळ व कणीक यांत लोह, फॉलिक अम्ल व ब१२ घालण्याची तरतूद केली. त्याच नियमांत दुधात घालावयाची जीवनसत्त्वे मात्र अ व ड ही होती.

निर्दुग्ध शाकाहारी, दूध अल्प घेणारे, गर्भवती व स्तनदा माता आणि वृद्ध यांनी ब१२ पूरक म्हणून घेणे हाच निर्धोक मार्ग होय. मोठ्या मात्रेतील सु. एक टक्का ब१२ जठरातील प्रथिनाशिवायही शोषला जातो, म्हणून ५०० ते १,००० मायक्रोग्रॅमची गोळी अधूनमधून घेतली तरी चालते. ती किती दिवसांनी घ्यावी हे वैद्यांनी रक्त तपासून ठरवावे. तंत्रिकांची लक्षणे दिसू लागली असतील तर अंतःक्षेपणाने उपचार ताबडतोब सुरू करावे लागतात. औषधातील ब१२ सूक्ष्मजंतूंच्या किण्वनाने तयार करतात, प्राण्यांपासून नव्हे. त्यामुळे शाकाहाराचे व्रत पाळणाऱ्यांस ते घेण्यास हरकत नसते. कॅप्सुलाचे आवरण मात्र पुष्कळदा प्राण्यांच्या हाडांपासून व कातड्यापासून केलेल्या जिलेटिनाचे असते, तेव्हा अशांनी गोळी किंवा तोंडात विरघळणारी चकती मागून घ्यावी.